पंचनामा झाला म्हणजे सर्व्हे झाला नव्हे: पुरात खराब झालेल्या घराचा विमा दावा

पाणी ओसरलं की घरी दोन वेगळी माणसं यायला हवीत. एक सरकारी, पंचनाम्यासाठी. दुसरा विमा कंपनीने नेमलेला सर्व्हेअर. आपल्याकडे, म्हणजे कर्नाटकातल्या बेळगाव-निपाणीकडच्या मराठी भागात, पहिला येऊन गेला की लोक काम उरकलं असं धरून चालतात आणि विमा कंपनीला पंधरा-वीस दिवसांनी आठवण झाल्यावर कळवतात. तोवर चिखल काढलेला असतो, गाद्या उकिरड्यावर गेलेल्या असतात, भिंतींना चुना लागलेला असतो. मग सर्व्हेअर येऊन स्वच्छ घर बघतो आणि त्या स्वच्छ घराचंच मूल्यांकन करतो.

पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. घर किती पडलं याची ढोबळ श्रेणी ठरते आणि तिच्याप्रमाणे ठरावीक रक्कम मिळते. २०१९ च्या पुरानंतर कर्नाटकात पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख जाहीर झाले, ते असे. विम्याचा हिशेब वेगळा. तिथे गिलावा किती चौरस फूट, कौलं किती, फ्रिज कुठल्या साली घेतला, अशी एकेक बाब मोजली जाते. जी बाब कुणी दाखवली नाही, ती मोजली जात नाही.

शब्दाचाही एक घोळ आहे. खेड्यात ‘सर्व्हेअर’ म्हटलं की जमीन मोजणारा डोळ्यासमोर येतो. एका घरी आजीबाईंनी विम्याच्या सर्व्हेअरपुढे बांधाच्या मोजणीचा नकाशा उलगडून ठेवला होता. हा माणूस विमा नियामक प्राधिकरणाचा परवाना असलेला, नुकसानीची किंमत ठरवणारा असतो. आपल्या घराबद्दल कंपनीला जे काही कळतं, ते बहुतेक त्याच्याच अहवालातून.

पायरी १: पॉलिसी आहे का आणि कसली आहे

‘आमचा विमाच नाही’ म्हणणाऱ्या अनेक घरांचा विमा असतो. गृहकर्ज घेताना बँकेने हप्ता कापून काढलेला असतो आणि कागद बँकेतच पडून असतो. शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या, पॉलिसीची प्रत मागा. दोन गोष्टी तपासा. विमा घराचा आहे की फक्त कर्जदाराच्या जीवाचा? बँकेचं नाव त्यात आहे का? असेल तर दाव्याचे पैसे आधी बँकेकडे जातात आणि दुरुस्तीसाठी ते सोडवून घ्यायला वेगळा अर्ज करावा लागतो.

१ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची घर पॉलिसी ठेवावी लागते. तुमची तीच असेल तर पूर, वादळ, वीज पडणं, दरड कोसळणं, जमीन खचणं, आग, पाण्याची टाकी किंवा नळ फुटणं हे सगळं त्यात येतं. घरातलं सामान इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत आपोआप धरलेलं असतं, कमाल १० लाख. म्हणजे इमारत ३० लाखांची असेल तर सामान ६ लाखांचं. कर्जासोबतच्या पॉलिसीत काही वेळा सामान वगळलेलं असतं, ते बघून घ्या.

जुन्या धाटणीच्या आगीच्या पॉलिसीत एक बोचरी अट असते. घर बांधायला २० लाख लागतात आणि विमा १० लाखांचाच काढलाय, तर २ लाखांच्या नुकसानीला १ लाखच मिळतात. ‘भारत गृह रक्षा’त ही कपात नाही.

तपासा: पॉलिसीवरचा पत्ता आणि बांधकामाचं वर्णन. ग्रामपंचायतीत ई-स्वत्तू (मालमत्तेची ऑनलाइन नोंद) झाल्यावर अनेक घरांचे नंबर बदलले, पॉलिसीवर मात्र जुनाच राहिला. घर मातीच्या भिंतींचं आणि पॉलिसीत ‘आरसीसी’ लिहिलंय, असंही दिसतं. हे प्रश्न सर्व्हेअरने काढण्याआधी तुम्हीच पत्र देऊन मोकळे व्हा. घराचा उतारा वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल तर वारसा नोंदीचा अर्ज आजच द्या. पैसे अडकण्याचं हे आपल्याकडचं फार जुनं दुखणं आहे.

पायरी २: लगेच कळवा, पण शब्द जपून

पाणी घरात असतानाच कळवलं तरी चालतं. टोल फ्री नंबरवर फोन करा, दावा क्रमांक लिहून घ्या आणि त्याच दिवशी ईमेलही टाका. एजंटला सांगितलं म्हणजे कंपनीला कळवलं असं होत नाही. भरलेला दावा फॉर्म मात्र नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो.

पहिल्या निरोपात कारण काय लिहिता त्यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. ‘पावसाने भिजून भिंत पडली’ असं लिहिलं की समोरचा म्हणतो, जुनी भिंत, वर्षानुवर्षं ओल, म्हणजे झीज. आणि झीज विम्यात बसत नाही. प्रत्यक्षात समजा दूधगंगा नदीचं पाणी गुरुवारी रात्री घरात शिरलं, दोन दिवस साडेतीन फूट उभं होतं आणि शनिवारी भिंत बसली. मग तसंच क्रमाने लिहा. तारीख, वेळ, पाणी कुठून आलं, किती चढलं, कधी उतरलं.

थांबा: याचा अर्थ छतातून गळणाऱ्या पाण्याला पूर म्हणायचं असा नव्हे. खोट्या कारणाने सगळाच दावा बाद होऊ शकतो, खरा भागसुद्धा.

पायरी ३: हलवण्याआधी फोटो

लोक फोटो काढत नाहीत असं नाही, भलतेच काढतात. रडवेले चेहरे, रस्त्यावरची होडी, गुडघाभर पाण्यातला बाप्या. दाव्याला लागणारे फोटो कंटाळवाणे असतात.

आधी बाहेरून, घराचा नंबर दिसेल असा. मग प्रत्येक खोलीचा दारातून एक आणि चारही कोपऱ्यांचे. त्यानंतर पाण्याची रेघ: भिंतीवरच्या चिखलाच्या खुणेला टेप लावून, आकडा वाचता येईल इतक्या जवळून. त्या खुणेवर पेन्सिलीने रेघ मारून तारीख टाका. मग एकेक वस्तू. फ्रिज, मोटर, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर यांच्या मागच्या पट्टीवर मॉडेल आणि अनुक्रमांक असतो, त्याचा वेगळा फोटो. शेवटी मोबाइल हातात धरून घरभर फिरत व्हिडिओ करा आणि बोलत राहा: ‘ही मधली खोली, हे तांदळाचं पिंप, हे सागवानी कपाट, तळ फुगलाय.’ मराठीतच बोला, काही अडत नाही.

व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो बारीक होतो आणि त्यातली तारीख-वेळेची माहिती गळून पडते. मूळ फोटो फोनमधून पुसू नका, दुसरी प्रत पेनड्राइव्हवर ठेवा.

पायरी ४: साफसफाई करा, पुरावा ठेवून

इथे दोन टोकं दिसतात. काही जण सगळं धुऊन मोकळे होतात. काही जण ‘सर्व्हेअर येईपर्यंत हात लावायचा नाही’ म्हणून आठवडाभर चिखल तसाच ठेवतात आणि चौकटी कुजवतात. दोन्ही चूक. नुकसान वाढू न देणं ही विमेदाराचीच जबाबदारी आहे. चिखल उपसा, दारं-खिडक्या उघडून वारा खेळू द्या, उडालेल्या कौलांच्या जागी ताडपत्री टाका. या सगळ्याच्या पावत्या ठेवा, मजुरीची सुद्धा, साध्या कागदावर सही घेऊन.

पण नमुने राखा. फुगलेल्या गिलाव्याचं ढेकूळ, एक गादी, कपाटाचा निखळलेला पल्ला, फुटक्या कौलांचा ढीग, सगळं एका कोपऱ्यात. भंगारवाला पुरानंतर दोन दिवसांत दारात येतो. त्याला काही देऊ नका. वस्तू नसेल तर ती होती हे सिद्ध करणं तुमच्या गळ्यात पडतं.

थांबा: पाण्यात गेलेला फ्रिज, मोटर किंवा टीव्ही ‘चालतोय का बघू’ म्हणून सुरू करू नका. ओल्या यंत्रात वीज सोडली की ते जळतं आणि मग ते पुरात गेलं की विजेच्या दोषाने, हा वाद उभा राहतो. मेन स्विच बंदच ठेवा, वायरमनकडून वायरिंग तपासून घ्या, गरज पडली तर हेस्कॉमला (आपल्या भागातल्या वीज कंपनीला) कळवा.

आणि चुना. २०१९ साली ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पूर आला आणि २ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. घरात गणपती बसायचा, भिंती चिखलाच्या कशा ठेवणार? मी पुढच्या दोन खोल्या रंगवून घेतल्या. सर्व्हेअरने आल्यावर पहिला प्रश्न विचारला, पाण्याची रेघ कुठाय? माझ्याकडे दोन धूसर फोटो होते. मागच्या दोन खोल्यांचा गिलावा धरला गेला, पुढच्या दोन सुटल्या. सण आडवा येत असेल तर निदान प्रत्येक भिंतीवर हातभर पट्टा न रंगवता सोडा आणि त्यावर पडदा लावा.

पायरी ५: मोजमाप सर्व्हेअरच्या आधी तुम्ही करा

सगळ्या पायऱ्यांत ही सगळ्यात जास्त चुकते, कारण बहुतेक जण हे काम सर्व्हेअरचं समजतात. पुरानंतर त्याच्या यादीत एका दिवसात सात-आठ घरं असतात आणि तुमच्या वाट्याला अर्धा-पाऊण तास येतो. तुमच्या हातात तयार मोजमाप असेल तर तो ते तपासतो. नसेल तर अंदाज करतो, आणि तो अंदाज तुमच्या बाजूने चुकण्याचं त्याला काही कारण नाही.

मेस्त्रीला घरी बोलवा. ‘घर दुरुस्ती: ४ लाख’ असा एका ओळीचा अंदाज घेऊ नका, तो कचऱ्यात जातो. कामनिहाय घ्या: जुना गिलावा काढणे, नवा गिलावा, फरशी, चौकटी, वायरिंग, रंग. प्रत्येकासमोर मोजमाप, दर, रक्कम.

गिलाव्याचं उदाहरण बघा. खोली १२ बाय १०, म्हणजे भिंतींची एकूण लांबी ४४ फूट. पाणी साडेतीन फूट चढलं. पण ओल रेघेच्या वर चढते, म्हणून मेस्त्री फूटभर वरपर्यंत गिलावा काढायला सांगतो. उंची साडेचार फूट, गुणिले ४४ म्हणजे १९८ चौरस फूट. तीन फुटी दाराचे साडेतेरा वजा केले की १८४.५ चौरस फूट, म्हणजे सुमारे १.८५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट). तो वरचा एक फूट का धरला, हे अंदाजपत्रकात लिहून घ्या. नाहीतर नेमका तोच कापला जातो.

मातीची किंवा चिऱ्याची भिंत पडली असेल तर लांबी, उंची आणि जाडी, तिन्ही हवीत. जुन्या घरातल्या दोन फुटी भिंतीला सामान किती लागतं हे शहरातून आलेल्या माणसाच्या लक्षात येतंच असं नाही. छपराचे वासे, रिपा आणि कौलं मोजून लिहा. मातीच्या जागी सिमेंटची भिंत बांधणार असाल तर खुशाल बांधा, पण विमा आधी होतं तेवढंच करून देतो. वरचा फरक तुमचा. अंदाजपत्रकात दोन्ही खर्च वेगळे दाखवा. एकत्र दाखवलेत तर खऱ्या रकमेबद्दलही संशय येतो.

सामानाची यादी खोलीनिहाय करा: वस्तू, कंपनी, साधारण कधी घेतली, तशीच आज घ्यायला किती, पावती आहे का. पावती नसेल तर लग्नातले फोटो, हप्त्याचं पासबुक, दुकानदाराचं पत्र चालतं. स्वयंपाकघरापासून सुरुवात करा. तिथेच सगळ्यात जास्त वस्तू विसरल्या जातात.

काय घालू नये हेही सांगतो. निपाणी भागात घरातच तंबाखूची पोती असतात. तो धंद्याचा माल, घरसामान नव्हे. जनावरांचा विमा वेगळा. पाण्यात बुडालेल्या स्कूटरचा दावा तिच्या वाहन पॉलिसीत करायचा. दागिन्यांचं संरक्षण वेगळं घेतलेलं असेल तरच. हे सगळं एका यादीत कोंबलं की सर्व्हेअर उरलेल्या यादीकडेही तिरक्या नजरेने बघतो.

पायरी ६: सरकारी कागद गोळा करा

पंचनामा इथे उपयोगी पडतो, पण जोडकागद म्हणून. त्याची प्रत तलाठ्याकडून किंवा तहसील कार्यालयातून घ्या. ती कन्नडमध्ये असते. घाई नको, ओळखीच्या कन्नड वाचणाऱ्याकडून नाव, घर नंबर, तारीख आणि पाण्याची उंची वाचून घ्या. त्यात ‘अंशतः नुकसान’ असेल आणि तुम्ही विम्यात संपूर्ण घर मागत असाल, तर तो फरक का आहे याचं उत्तर तयार ठेवा. पंचायतीकडून पूर आल्याचा दाखला, मालमत्तेचा उतारा, घरफाळ्याची पावती. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राकडे पावसाच्या नोंदी असतात. बेळगावात बळ्ळारी नाल्याच्या काठी किंवा खानापुरात मलप्रभेच्या काठी घर असेल तर ‘इथे पाणी आलंच होतं’ हे सांगायला त्या नोंदींचा आधार होतो. आग लागली असेल तर अग्निशमन दलाचा अहवाल, चोरी झाली असेल तर पोलिसांकडची नोंद. पूर किंवा आगीनंतर ७ दिवसांच्या आत झालेली चोरीही ‘भारत गृह रक्षा’त बसते.

पायरी ७: सर्व्हेअर येतो तो दिवस

घरातल्या एकानेच बोलायचं. भाऊ एक सांगतो, चुलते दुसरं, शेजारी तिसरंच, आणि सर्व्हेअर सगळं टिपून घेतो.

नाव आणि परवाना क्रमांक लिहून घ्या. त्याची फी कंपनी देते, तुम्ही काही द्यायचं नाही. चहा द्या. जेवणाचा आग्रह, पाकीट, ओळखीची भाषा, हे नको.

मेस्त्री त्या वेळी घरात हवाच. तांत्रिक प्रश्नाला ‘चौकट बदलावी लागेल’ हे मेस्त्रीने सांगितलेलं वेगळं पडतं. बाहेरून आत, व्हिडिओच्या क्रमानेच घर दाखवा. आपणहून न दिसणाऱ्या जागा दाखवा: कपाटामागची भिंत, पायाजवळची खचलेली माती, माळ्यावरचा कुजलेला वासा. आधीची भेग असेल तर ‘ही जुनी’ म्हणून सांगून टाका. ती त्याला दिसणारच आहे, आणि तुम्ही सांगितलीत तर बाकीच्या भेगांवर त्याचा विश्वास बसतो. माहीत नसेल तिथे ‘माहीत नाही’.

भाषेचं भान ठेवा. सर्व्हेअर हुबळीहून आलेला असेल, फॉर्म इंग्रजीत, पंचनामा कन्नडमध्ये, घर मराठी. जे वाचता येत नाही त्यावर सही करू नका. मराठीत सही करणार असाल तर ‘मजकूर मला मराठीत वाचून समजावला’ अशी ओळ आणि वाचून दाखवणाऱ्याची सही खाली घ्या. कोऱ्या कागदावर सही तर कुणालाच नाही, एजंट घरचा असला तरी.

तपासा: सर्व्हेअर गेल्यावर त्याच संध्याकाळी त्याला आणि कंपनीला एक निरोप धाडा. आज कोणत्या खोल्या पाहिल्या, कोणती राहिली, कोणते कागद दिले, कोणते मागितले. गिलावा काढल्यावर आतली वीट कुजलेली निघाली तर काम थांबवा, फोटो काढा, फेरपाहणी मागा.

पायरी ८: मुदती आणि कागदांचा तगादा

विमा नियामकाच्या जून २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय करायचा. तारखा वहीत लिहा. कागदांची मागणी तोंडी आली तर ‘यादी लेखी द्या’ म्हणा आणि सगळे कागद एकदम देऊन पोच घ्या. एकेक कागद पाठवत राहिलात की प्रत्येक वेळी तीच फाईल पुन्हा तळाशी जाते.

पायरी ९: रक्कम आली, पण पटली नाही

आधी सर्व्हे अहवालाची प्रत मागा. तो हातात न घेता भांडण म्हणजे अंधारात काठी. अहवालात कपाती शोधा: पॉलिसीतली ठरावीक वजावट, भंगाराची किंमत, घसारा (वस्तू जुनी म्हणून कमी धरलेली किंमत), ‘आधीचा दोष’. प्रत्येक कपातीसमोर तुमचं उत्तर आणि पुरावा.

दोन रकमा बहुतेक लोक मागतच नाहीत. ‘भारत गृह रक्षा’त ढिगारा हटवण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट-इंजिनिअरची फी ५ टक्क्यांपर्यंत मिळते. ४ लाखांच्या दाव्यात हे ८ हजार आणि २० हजार होतात, पावत्या असतील तर.

‘पूर्ण आणि अंतिम’ असं छापलेल्या कागदावर सही मागितली आणि पैशांची निकड असेल, तर ‘हरकत राखून’ असं हाताने लिहून मगच सही करा, आणि त्याच दिवशी हरकतीचं पत्र पाठवा. सर्व्हेअरचा अहवाल हा शेवटचा शब्द नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या निकालात म्हटलेलं आहे.

पुढचा क्रम असा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार. तिकडून हालचाल नसेल तर ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरवर. महिनाभरात समाधान झालं नाही की विमा लोकपाल. तिथे ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात, फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जावं लागतं. कर्नाटकाचं कार्यालय बेंगळुरूला आहे. पॉलिसी कोल्हापूरच्या शाखेतून घेतली असेल तर त्या शाखेच्या हद्दीप्रमाणे पुण्याच्या लोकपालाकडेही जाता येतं, आणि ज्यांची कागदपत्रं मराठीत आहेत त्यांना ते सोयीचं पडतं. एका वेळी एकाच दारात. ग्राहक आयोगात खटला सुरू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाही. आयोगात जायला कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात.

लोकपालाची सुनावणी व्हिडिओवरही होऊ शकते, तशी विनंती अर्जातच करा. त्या दिवशी मूळ फोटो ज्या फोनमध्ये आहेत तो चार्ज करून हाताशी ठेवा, आणि शक्य झालं तर मेस्त्रीला शेजारी बसवा.